टक्के चांगले आहेत, मग सायन्सच ना?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलाला दहावीला ८४ टक्के पडले. घरची बोट आहे, देवगडच्या बंदरात लागते. सुट्टीत बोटीचं इंजिन उघडलं की हा जेवायलाही घरी येत नाही. शाळेतले सर, मुंबईचे काका, शेजारीपाजारी, सगळे म्हणतात, एवढे टक्के आहेत तर सायन्सच घ्या. त्याचे वडील म्हणतात, "आमी जलमभर बोटीर काढली, तेना तरी खुर्चेर बसूक व्हया." आणि तुम्ही विचारलंत, मुलाने काय व्हायचं हे शेवटी ठरवतं कोण? तो, आपण, की शाळा?

मी अठ्ठावीस वर्षं सिंधुदुर्गात ज्युनियर कॉलेजला भौतिकशास्त्र शिकवलं. त्यातली निम्मी वर्षं दर जूनमध्ये अकरावी प्रवेशाच्या टेबलावर बसलो. तिथून जे दिसलं ते सांगतो. मुलगा क्वचितच ठरवतो, आणि आईबापांना वाटतं तेवढं तेही ठरवत नाहीत. टक्के ठरवतात, एसटीचं वेळापत्रक ठरवतं आणि आपण वापरतो ती क्रियापदं ठरवतात.

क्रियापदांचं आधी सांगतो. आपल्याकडे मूल सायन्स 'घेतं', कॉमर्सला 'जातं', आर्ट्सला 'राहतं' आणि आयटीआयला त्याला 'टाकतात'. 'आयटीआयला टाकला' हे वाक्य मी टेबलावर इतक्या वेळा ऐकलं, की एकदा एका वडिलांना विचारलं, विहिरीत टाकल्यासारखं का सांगताय? ते हसले. शेजारी उभा असलेला मुलगा हसला नाही. पंधरा वर्षांच्या पोराला कुठल्या वाटेची किंमत किती, हे कुणी वेगळं शिकवत नाही. ते त्याला या चार शब्दांतून कळतं.

आता टक्के. आपलं कोकण मंडळ कोल्हापूरपासून वेगळं झालं, तेव्हापासून निकालात दर वर्षी राज्यात पहिलं येतं. २०२४ ला दहावीचा निकाल ९९.०१ टक्के, २०२५ ला ९८.८२. त्या वर्षी राज्याचा निकाल ९४.१० होता. पेपरात फोटो येतात, पेढे वाटले जातात. अभिमान मलाही आहे. पण शंभरातली नव्व्याण्णव मुलं जिथे पास होतात, तिथे पास होणं ही बातमी राहत नाही. मग मुलांना वेगवेगळं करायचं कशावर? टक्क्यांवर. ऐंशीच्या वर सायन्स, साठ-सत्तरला कॉमर्स, खाली आर्ट्स. हा नियम कुठल्याही शासन निर्णयात लिहिलेला नाही, पण गावागावात पाठ आहे. गंमत अशी की तुमच्या मुलाचे ८४ टक्के मराठी, हिंदी, इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रं यांतल्या सर्वांत जास्त गुणांच्या पाच विषयांची गोळाबेरीज आहेत. त्यात त्याला गणितात किती, हे मला तुमच्या प्रश्नात कुठे दिसलं नाही. प्रवेशाच्या टेबलावरही कोणी आधी ते सांगत नाही, एकूण आकडा सांगतात. आणि सायन्सला लागतं ते नेमकं गणित आणि विज्ञान.

त्याहून मोठी अडचण भाषेची. मराठी माध्यमातून दहावी झालेलं मूल अकरावी सायन्सला आलं, की पहिल्याच आठवड्यात सगळं इंग्रजी होतं. सेमी इंग्रजीतून आलेली मुलं कशीबशी तगतात. बाकीची गप्प होतात. दहावीला पहिल्या बाकावरून हात वर करणारं पोर अकरावीत दिवाळीपर्यंत शेवटच्या बाकावर गेलेलं मी दर वर्षी पाहिलं. एका मुलाला मी 'फ्रिक्शन'वर प्रश्न विचारला, तो खाली बघत राहिला. 'घर्षण' म्हटल्यावर त्याने मला होडी वाळूवरून ओढताना खाली लाकडाचे ओंडके का घालतात ते सविस्तर सांगितलं. त्याला भौतिकशास्त्र येत होतं, त्या तासाची भाषा येत नव्हती. अशी मुलं बारावीला पन्नास-पंचावन्न टक्क्यांवर येतात, स्वतःला 'ढ' समजायला लागतात, आणि मग जवळच्या कॉलेजात जी जागा मिळेल ती घेतात. दोन वर्षांपूर्वीचा तोच मुलगा हुशार होता, हे त्यालाही आठवत नाही.

एसटीचं ऐकून तुम्हाला हसू आलं असेल. पण सायन्सची प्रॅक्टिकल्स दुपारी असतात आणि वरच्या वाड्यांकडे जाणारी शेवटची गाडी कुठे साडेपाचला, कुठे त्याआधी सुटते. दहावीला ९१ टक्के मिळवलेली एक मुलगी आर्ट्सला आली, म्हणून मी चौकशी केली. कारण एवढंच, की आर्ट्सचं कॉलेज साडेबाराला सुटायचं आणि एकची गाडी थेट तिच्या वाडीत जायची. मुलींना पाचवी ते बारावी एसटीचा पास मोफत आहे, अहिल्याबाई होळकर योजनेतून. पास मोफत असला तरी गाडी यावी लागते. २०२५-२६ पासून अकरावीचा प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झाला, त्यात दहा कॉलेजांच्या पसंती भरता येतात. पुण्यात ठीक आहे. आमच्याकडे एका आईने विचारलं, सर, दुसरी पसंती काय लिहू, दुसरं कॉलेजच नाही.

शाळा मुलांना कसं वळवते हे तुम्हाला खरंच बघायचं असेल, तर डीएडची गोष्ट ऐका. यात माझाही वाटा आहे.

कोकणात परीक्षा आणि नोकरी यांचं नातं फार जुनं. मुरुडचे धोंडो केशव कर्वे सतरा वर्षांचे असताना परीक्षेसाठी दापोलीकडून साताऱ्यापर्यंत पायी गेले. तिथे गेल्यावर, हा मुलगा सतराचा दिसत नाही, म्हणून त्यांना बसू दिलं नाही. आल्या पावली परत. पुढे ते महर्षी झाले, पण त्या वयात एवढी पायपीट करण्याचं कारण साधं होतं. परीक्षा पास झालं की पंतोजी होता येत होतं. नंतर सातवी फायनल झालेला गावात मास्तर व्हायचा, मॅट्रिक झालेला मुंबईला जायचा आणि मनीऑर्डर पाठवायचा. दोन हजार सालानंतर हीच जागा डीएडने घेतली. बारावी झाली, दोन वर्षं डीएड केलं, की जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी. ती नोकरी आपल्याच तालुक्यात, भाड्याचं घर नको, म्हातारे आईबाप सोबत. मुलीला तर लग्नाच्या बाजारात सोन्याहून भारी. एका वर्षी माझ्या बारावीच्या वर्गातल्या पहिल्या दहांतल्या सहाजणी डीएडला गेल्या. त्यातल्या दोघींचा हात जीवशास्त्रात इतका चांगला होता, की त्यांनी प्रयोगशाळेत आयुष्य काढायला हवं होतं. पण मीच सांगितलं, बाई, हातची नोकरी सोडू नको. ठिकठिकाणी डीएड कॉलेजं निघाली. शाळांतली मुलं मात्र कमी होत होती, कारण गावं मुंबईला जात होती आणि राहिलेल्या घरांत एक किंवा दोन मुलं. पटाचे आकडे दर सप्टेंबरला आमच्यासमोर यायचे. दोन्ही गोष्टी आम्हाला दिसत होत्या. एकीपुढे दुसरी ठेवून कोणी पाहिलं नाही.

मे २०१२ मध्ये राज्यात शिक्षकभरती थांबली. २०१३ ला टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा आली, २०१७ ला भरतीचं पवित्र पोर्टल आलं, अभियोग्यता चाचणी आली. त्या सहाजणींपैकी दोघी आज शिक्षिका आहेत. एक काजूच्या कारखान्यात हिशेब बघते, एक बचत गट चालवते, दोघी मुंबईला आहेत. भेटल्या की नमस्कार करतात, तक्रार कोणी करत नाही. मी मात्र त्यानंतर 'खात्रीची नोकरी' हे शब्द कुणाला सांगितले नाहीत. आज तेच शब्द नर्सिंगबद्दल, फार्मसीबद्दल, पोलीस भरतीबद्दल ऐकतो तेव्हा पोटात गोळा येतो. हे अभ्यासक्रम वाईट नाहीत. फक्त मूल दोन-चार वर्षांनी बाहेर पडणार असतं आणि सल्ला आजच्या नोकऱ्या मोजून दिला जातो.

मार्गदर्शनाचे प्रयत्न झालेच नाहीत असंही नाही. २०१६ साली राज्य मंडळाने दहावीच्या मुलांसाठी कलचाचणी सुरू केली, काही वर्षं चालली. कल सात क्षेत्रांत सांगायची: कृषी, कला व मानव्यविद्या, वाणिज्य, ललित कला, आरोग्य विज्ञान, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा. कल्पना चांगली होती. पण कागद घरी गेला की काय व्हायचं? एका बागायतदाराच्या मुलाचा कल कृषीकडे आला. वडील कागद घेऊन माझ्याकडे आले, चांगलेच तापलेले. "कलमांच्या खालून काढून ह्याला शाळेत घातला, आणि सरकार सांगतं परत कलमांखाली जा!" मी त्यांना दापोलीचं कृषी विद्यापीठ सांगितलं, मुळद्याचं उद्यानविद्या महाविद्यालय सांगितलं, ते ज्या काजूचे पैसे मोजतात ती वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातल्याच आहेत, हेही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मुलगा सायन्सला आला, जीवशास्त्राच्या बी गटात, मेडिकलच्या नीट परीक्षेसाठी. सात वाटा दाखवणारा कागद हातात, आणि तालुक्याच्या कॉलेजात तीनच खोल्या.

आणखी एक शाळा आपल्याकडे आहे जिची हजेरी कुठे लागत नाही. गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवायची जागा. श्रावणात नववी-दहावीची काही पोरं वर्गात दिसेनाशी होतात. चौकशी केली की कळतं, गणपतीच्या शाळेत रंगकामाला आहेत. कुणी डोळे रेखतो, कुणी पितांबराची किनार. डोळे रेखण्याचं काम सगळ्यांना देत नाहीत, त्याला हात बसावा लागतो. आम्ही काय केलं? घटक चाचणी बुडाली म्हणून पालकांना बोलावलं. हीच पोरं चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षा देतात, इंटरमिजिएटला 'अ' श्रेणी मिळाली की दहावीला ७ गुण वाढतात. म्हणजे चित्रकलेचा उपयोग काय, तर टक्के वाढवायला. त्यातल्या एकाला मी सावर्ड्याच्या कला महाविद्यालयाचं नाव सांगितलं तेव्हा त्याच्या वडिलांनी विचारलं, "त्याचा क्लास लावून नीट होईल का?" त्यांना नीट म्हणजे ती परीक्षा म्हणायची होती की नुसतं नीट, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

आता तुमच्या घराकडे येतो.

तुमच्या यजमानांचं मी चुकीचं म्हणणार नाही. मासळीचं उत्पन्न वर्षाला सारखं नाही, १ जून ते ३१ जुलै बंदी, डिझेलचा खर्च, वादळ आलं की बोट उभी. शिवाय गावात राहणाऱ्या, बोटीवर जाणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही, हे ते बोलले नसतील, पण मनात आहेच. मात्र त्यांना एक विचारा. बंदरातल्या बोटींवर खलाशी कुठले आहेत? बरेच नेपाळचे आहेत. आंब्याच्या बागा राखायलाही तेच. आपली मुलं बारा-पंधरा हजारांसाठी मुंबईत खोलीत पाच जण राहतात, सावंतवाडी-दोडामार्गची मुलं पहाटे मोटारसायकलने गोव्याच्या औषध कंपन्यांत जातात, आणि आपल्या बंदरातलं काम करायला माणूस हजारो किलोमीटरवरून येतो. शाळेने आपल्याला दहा वर्षं न बोलता शिकवलं की शिकलेल्याने हे काम करायचं नसतं. म्हणून या कामात शिकून करण्यासारखं काय आहे, हे आपण विचारतच नाही. बारावी सायन्सच्या साठ मुलांच्या वर्गात मी एकदा विचारलं, रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे हे किती जणांना माहीत आहे? १९८१ पासून चालू आहे. दोन हात वर आले. निम्मा वर्ग दर्यावर्दी घरांतला होता.

तुमच्या मुलासमोर काय काय आहे ते सांगतो.

पहिली वाट डिप्लोमाची, आणि त्याचं इंजिनाचं वेड बघता मला ही सगळ्यांत जवळची वाटते. दहावीच्या गुणांवर शासकीय तंत्रनिकेतनात प्रवेश मिळतो, मालवणला आहे, रत्नागिरीला आहे. सीईटी नाही. तीन वर्षांनी मेकॅनिकलचा डिप्लोमा हातात येतो, पुढे शिकायचं असेल तर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. काकांना सांगताना 'इंजिनिअरिंगला गेला' असं सांगा, खोटं नाही आणि घरात शांतता राहते.

दुसरी वाट फार थोड्यांना माहीत आहे. केंद्र सरकारची सिफनेट नावाची संस्था आहे, कोचीला मुख्यालय, चेन्नई आणि विशाखापट्टणमला शाखा. तिथे दहावीनंतर दोन वर्षांचे दोन अभ्यासक्रम आहेत, एक मासेमारी जहाजाच्या नौकानयनाचा आणि एक मरीन फिटरचा. दहावीला गणित आणि विज्ञानात ४० टक्के लागतात. पुढे समुद्रावरचा अनुभव घेऊन सक्षमतेच्या परीक्षा देता येतात, मोठ्या जहाजांची कामं मिळू शकतात. घरापासून लांब, भाषा वेगळी, जेवण वेगळं, ही अडचण खरी आहे. पण बोटीच्या इंजिनात हात घालणाऱ्या मुलासाठी याहून नेमका अभ्यासक्रम मला ठाऊक नाही.

सायन्स घेतलंच तर एकच सांगेन, गणित सोडू नका. 'मेडिकलला जायचंय तर गणित कशाला' म्हणून अकरावीला गणित सोडलेली मुलं नीटला गुण कमी पडले की भिंतीसमोर उभी राहतात. गणित असलं तर इंजिनिअरिंगचं दार उघडं राहतं. मत्स्य आणि कृषीच्या पदव्यांनाही बारावी सायन्स आणि सीईटी लागते. पहिली पसंती भरतानाही जपून, ते कॉलेज लागलं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो. मैत्रीण भरते म्हणून किंवा सरांनी सांगितलं म्हणून पहिला क्रमांक टाकू नका.

आयटीआय डिझेल मेकॅनिक ही वाटही मी तुमच्यापुढे ठेवतो, तोंड वाकडं करू नका. आणि मर्चंट नेव्हीचा कुणी एजंट घरी आला, कोर्स आणि नोकरी दोन्हीची हमी देऊन पाच-सात लाख मागू लागला, तर पैसे देण्याआधी त्या संस्थेचं नाव नौवहन महासंचालनालयाच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का ते बघा. आपल्या किनाऱ्यावर या नावाखाली जमिनी विकून पैसे घातलेली घरं मी पाहिली आहेत. एका मुलाला तर पर्यटकाच्या व्हिसावर परदेशी पाठवलं होतं. आईने बांगड्या मोडल्या होत्या.

धाकटी मुलगी नववीत आहे, तिचं नंतर बघू असं तुम्ही लिहिलंत. नंतर नको. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षणशुल्क सरकार भरतं, प्रवेश शासनाच्या प्रक्रियेतून झालेला असला तर. 'मुलाचं शिक्षण झालं की बघू' या वाक्याला आता तेवढा आधार राहिलेला नाही. त्यासाठी कागद मात्र वेळेवर लागतात. जातीचा दाखला, नॉन-क्रीमिलेअर, जात पडताळणी हे जूनमध्ये काढायला गेलात तर तहसीलच्या रांगेतच प्रवेशाची फेरी निघून जाते. तिचे आत्ताच काढायला घ्या, आणि मुलाचे काढलेले नसतील तर उद्या सकाळी जा.

बंदी संपेपर्यंत बोट बंदरातच आहे ना? मग तेवढ्या दिवसांत एकदा मुलाला आणि त्याच्या वडिलांना सोबत मालवणच्या तंत्रनिकेतनात पाठवा. वर्कशॉप बघू द्यात, लेथ बघू द्यात, शिकवणाऱ्या कुणाशी दोन शब्द बोलू द्यात. परत येताना दोघं गाडीत काय बोलतात ते तुम्हाला मागून कळेल. आणि हो, मुलाला एकदा माझ्याशी स्वतः बोलायला सांगा. तुमच्या प्रश्नात काका काय म्हणतात, सर काय म्हणतात, वडील काय म्हणतात, सगळं आहे. तो काय म्हणतो, ते कुठे नाही.